ट्रामच्या वाटेवर बस

नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर ट्राम कधी धावली नाही. महाराष्ट्रात ती मुंबईने आणि नाशिकने पाहिली. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचा एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई. १९०७मध्ये विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी शहरातली पहिली बस कुलाबा-क्रॉफर्ड मार्केटच्या याच पट्ट्यात धावली: अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. ट्राम रुळांना आणि तारांना बांधलेली. बस मात्र वस्ती वाढेल तशी पुढे नेता येई. ३१ मार्च १९६४ला बोरीबंदर-दादर ही शेवटची ट्राम धावली. पुढे ट्रामचे प्रवासी बसने जाऊ लागले. साधन बदलले, तरी बाजार आणि स्टेशन गाठण्याची गरज तीच राहिली. नांदेड-लातूरची शहरबस आखतानाही आधी माणसांची रोजची ये-जा बघायला हवी.