बंदुकीचा बायपॉड : घेण्यापूर्वी आणि बनविण्यापूर्वी

समजा, बीड शहरातील एखाद्या टर्नर बंधूच्या दुकानात ओळखीचे गिऱ्हाईक येते. मोबाइलवर चित्र दाखवून म्हणते, "भाई, असले दोन पाय बनवून द्या आणि बंदुकीच्या दस्त्याला भोक पाडून बसवूनही द्या." काम तासा-दोन तासांचे, मजुरी रोख. कारागिराला त्यात वावगे काही वाटत नाही. पण या एका वाक्यात दोन निरनिराळी कामे आहेत. पाय बनविण्यास हुन्नर लागतो आणि बंदुकीला भोक पाडण्यास सरकारी परवाना लागतो. हा फरक ज्याच्या ध्यानात येत नाही तो शंभर-दोनशे रुपयांच्या मजुरीसाठी आपले दुकान आणि घरदार पणाला लावतो. म्हणून ही वस्तू काय आहे, कोणाच्या उपयोगाची आहे आणि तिची पारख कशी करावी, हे आज समजून घेऊ.

बायपॉड म्हणजे काय?

सुतार लाकूड कापताना ते घोडीवर ठेवतो. बायपॉड ही बंदुकीची तशीच दोन पायांची घोडी होय. ती दस्त्याच्या पुढच्या भागाखाली बसते, मागचा भाग नेमबाजाच्या खांद्याला टेकतो. हाताचा थरकाप आणि श्वासाची हालचाल त्यामुळे नेमात कमी उतरते.

थोडा हिशोब करून पाहा. बायपॉडच्या पायापासून खांद्यापर्यंतचे अंतर ७५ सेंटिमीटर धरू. चाप ओढताना पुढचा भाग केवळ १ मिलिमीटर खचला, तर १०० मीटरवर गोळी सुमारे १३ सेंटिमीटर चुकते. लेथवर १ मिलिमीटर म्हणजे फार, हे टर्नर बंधूंना सांगायला नको. बायपॉडची सारी किंमत या १ मिलिमीटरात आहे.

आपल्याकडे तो कोणाला लागतो?

पहिला प्रश्न शिकारीचा. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळी शिकारीचा शौक होता आणि जुन्या बंदुका काही घरांत आजही परवान्यावर आहेत. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. काळवीट, चिंकारा, मोर, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आपल्या दाराशी आहे. तेव्हा शिकारीसाठी बायपॉड घेतो, असे कोणी म्हणत असेल, तर त्याला माल देण्याऐवजी सल्ला द्यावा.

कायद्याने गोळी झाडण्याचे प्रसंग असतात, पण ते मोजके. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले. त्यानंतर डिसेंबरात शेजारच्या करमाळा तालुक्यात वनखात्याच्या आदेशावरून बिबट्याला गोळी घालण्यात आली. रानडुक्कर किंवा रोही यांनी पिकाची नासाडी केली, तरी त्यांना मारण्यासाठी अधिकारी वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शेत आपले आणि बंदूक परवान्याची, एवढ्याने भागत नाही.

दुसरा प्रश्न स्पर्धेचा. येथे पुष्कळांचा गैरसमज असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. यांपैकी कोणाच्याही रायफलला बायपॉडचा टेकू नव्हता, कारण ऑलिंपिक पद्धतीच्या रायफल स्पर्धांत त्यावर टेकून गोळी झाडणे नियमबाह्य आहे. झोपून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना दंडाला बांधलेला पट्टा चालतो, उभ्याने तोही चालत नाही. मुलगा किंवा मुलगी जिल्हा आणि राज्य स्पर्धेची तयारी करीत असेल, तर बायपॉडवर खर्च करू नये. उलट त्याच्या सवयीने मुलाचा हात कच्चा राहतो.

मग बायपॉडची स्पर्धा कोणती? 'एफ-क्लास' नावाची. कॅनडाचे जुने नेमबाज जॉर्ज फारक्वारसन यांच्या नावावरून ती ओळखली जाते. वय वाढल्यावरही टेकू आणि दुर्बीण लावून लांब पल्ल्याची नेमबाजी चालू ठेवता यावी, हा तिचा मूळ उद्देश. तिच्यातील एफ-टीआर या गटात बायपॉड चालतो. रायफल .२२३ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर एवढ्याच काडतुसांची असावी लागते आणि बायपॉड व दुर्बिणीसह एकूण वजन ८.२५ किलोच्या आत लागते. याखेरीज रेंजवर दुर्बिणीचा मेळ घालताना आणि एअर रायफलचा सराव करताना बायपॉड उपयोगी पडतो.

सारांश, गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा तो किमतीचा नव्हे, तर "कुठे वापरणार?" हा.

काम तसा माल

ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तेथील शिकारी हलका, चटकन उघडणारा आणि आवाज न करणारा बायपॉड घेतो. त्याला गवतावरून पाहायचे असते, म्हणून बसून वापरण्याचे उंच पाय लागतात, साधारण १३ ते २७ इंच. स्पर्धेचा नेमबाज झोपून नेम धरतो. त्याला ६ ते ९ इंचांचे बुटके पाय पुरतात. एफ-टीआरमध्ये तर पाय फार रुंद फाकलेले असतात आणि खाली बर्फावरच्या घसरपट्टीसारखे चपटे बूट असतात, म्हणजे धक्क्याने रायफल सरळ मागे सरकते, उसळत नाही. वजनाची मर्यादा सांभाळली की तेथे हलकेपणाची घाई नसते.

एकच बायपॉड दोन्ही कामे उत्तम करील, असे सांगणारा विक्रेता आपला माल खपवीत असतो. उंच पाय जितके लांब, तितकी त्यांची लवचीकता जास्त. उंची घेतली की पक्केपणा थोडा सोडावाच लागतो.

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या हॅरिस कंपनीचा बायपॉड जुना आणि नावाजलेला. स्प्रिंगने उघडणारे पाय आणि पट्ट्याच्या कडीला धरणारा शिकंजा ही त्याची रचना. त्याच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. रूप हुबेहूब असते, पण स्प्रिंग, रिव्हेट आणि धातूचे पाणी यांत फरक असतो. म्हणून नाव न पाहता वस्तू पाहावी.

दुकानातच करावयाची पारख

१. सपाट काचेवर किंवा फरशीवर बायपॉड उभा करावा. दोन्ही पाय प्रत्येक खाचेवर सारखेच लांब हवेत. व्हर्नियरने मोजावे. एक पाय २ मिलिमीटर कमी असला, तर बंदूक नेहमी एका बाजूला कललेली राहील.

२. पाय धरून मागे-पुढे आणि आडवे हलवून पाहावेत. जेथे सांधा तेथे थोडा प्ले असतोच, पण टकटक आवाज येता कामा नये.

३. वर ८-१० किलोची वाळूची पिशवी ठेवून दहा मिनिटे सोडावे. पाय हळूहळू आत सरकत असतील, तर माल परत करावा. खाचेचे पाय सहसा सरकत नाहीत. नुसत्या घर्षणावर धरणाऱ्या पायांची परीक्षा येथेच होते.

४. डावी-उजवीकडे कलण्याची सोय आहे का, आणि कललेल्या जागी ती घट्ट बसते का, हे पाहावे. खडबडीत जमिनीवर ही सोय लागतेच. .२२ ची रायफल ५ अंश कलली, तर ५० मीटरवर गोळी सुमारे १ सेंटिमीटर बाजूला जाते. त्या अंतरावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिलिमीटर असतो. एवढ्याशा कलण्याने दहाचा नऊ होतो.

५. पाय वीस वेळा उघडून मिटावेत. स्प्रिंग विसाव्या वेळीही पहिल्यासारखी ओढली पाहिजे.

६. शिकंज्याचे तोंड रबर किंवा चामडे लावलेले असावे. नळीला आवळणारा बायपॉड घेऊच नये. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला कोणी धरले, तर गोळीची जागा बदलते.

यानंतरची पारख मान्यताप्राप्त रेंजवर होते. नळी आणि दस्ता यांत अंतर ठेवलेली रायफल असेल, तर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून त्या फटीत कागदाची पट्टी घालावी. मग बायपॉडवर खांद्याने नेहमीइतका रेटा देऊन पट्टी पुढे-मागे सरकवावी. पट्टी अडकली, तर लाकूड वाकून नळीला लागते आहे असे समजावे. त्यानंतर पाच गोळ्या वाळूच्या पिशवीवरून आणि पाच बायपॉडवरून झाडाव्यात. दोन्ही समूहांचा मध्य एका जागी आला, तर बायपॉड कामाचा. मध्य सरकला पण समूह घट्ट राहिला, तर दुर्बिणीचा मेळ पुन्हा घालून चालेल. समूह विस्कटला, तर दोष शिकंज्यात किंवा सांध्यात शोधावा. सिमेंटच्या ओट्यावर पाय उसळतात, म्हणून खाली गोणपाट किंवा सतरंजी घालावी.

कारागिराने कोठे थांबावे?

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनविणे, विकणे, तिच्यात फेरबदल करणे, दुरुस्त करणे किंवा तपासणे यांसाठी परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय हे काम करणाऱ्यास किमान ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. गिऱ्हाइकाकडे बंदुकीचा परवाना असला, तरी तो त्याचा आहे, कारागिराचा नव्हे. "भोकच तर पाडले", "स्क्रूच तर बसवला" हे कोर्टात उपयोगाचे नाही. बंदूक दुकानात ठेवूनही घेऊ नये. दस्त्याला हात लावण्याचे काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच पाठवावे.

आपल्या जिल्ह्यात तर जास्त जपावे. मस्साजोगच्या सरपंचांच्या डिसेंबर २०२४ मधील खुनानंतर येथील शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी झाली आणि २०२५ मध्ये अनेक परवाने रद्द झाले. काल परवाना होता तो आज असेलच असे नाही.

नुसता बायपॉड गोळी झाडत नाही. तरीही तो विकण्याचा किंवा बनविण्याचा विचार असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्रपरवाना शाखेत लेखी अर्ज देऊन लेखीच उत्तर घ्यावे. प्रत्येक विक्रीची पावती ठेवावी. ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि २० जूल ऊर्जेपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण तिने पाखरू मारले तर ती शिकारच ठरते, हेही गिऱ्हाइकाला सांगावे.

बंदुकीला हात न लावता धंदा

आता आपल्या कारागिरांच्या फायद्याची गोष्ट. बीडची चामड्याची छागल आणि येथल्या गुप्त्या एके काळी दूरवर प्रसिद्ध होत्या. चामडे, शिलाई आणि धातू हे तिन्ही हुन्नर या गावाच्या अंगात आहेत. नेमबाजीत असे सामान पुष्कळ लागते, जे बंदुकीचा भाग नाही. रायफलच्या मागच्या टोकाखाली ठेवण्याची वाळूची पिशवी कोणताही चांगला शिलाई कारागीर बनवू शकतो. दुहेरी शिलाई, चाळून वाळवलेली बारीक वाळू आणि वरून न घसरणारे चामडे, एवढेच तिचे मर्म. गुडघ्यावर बसताना पायाखाली घेण्याची लोळी २५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर व्यासाच्या आत लागते. दंडाचा पट्टा ४० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. दिव्यांग नेमबाजांच्या एसएच-२ गटात रायफलचे वजन पेलण्यासाठी स्प्रिंगचा आधारस्तंभ वापरतात, त्यासाठी टर्नर आणि फिटरची अचूकता लागते. ही मापे स्पर्धेच्या नियमांत दिलेली असतात. त्याबाहेर गेलेली वस्तू कितीही सुबक असली तरी तपासणीच्या टेबलावरच बाद होते. म्हणून चालू नियम एखाद्या प्रशिक्षकाकडून पाहून घ्यावेत, एक नमुना बनवून त्यालाच वापरायला द्यावा आणि त्याने काढलेले दोष दूर केल्यावरच दहा नग बनवावेत.

लेखाच्या आरंभीच्या गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यावे, हे आता सांगायला नको. "कुठे वापरणार ते सांगा. पाय कसे असावेत ते मी समजावतो. बंदूक मात्र माझ्या दुकानात आणू नका." प्रामाणिक गिऱ्हाईक याने रागावत नाही. जे रागावते ते गेलेले बरे.