रक्त चढवण्याचा दिवस : रुग्णाने स्वतः घ्यावयाची काळजी



या अहवालाच्या पुढील पानांवर वर्षभराचा जमाखर्च आपल्यापुढे ठेवलेला आहे. त्यात थॅलेसेमिया डे-केअर कक्षाच्या नावासमोर रक्ताच्या पिशव्या, फिल्टर, औषधे आणि वेतन यांचे आकडे आपणांस दिसतील. परंतु या उपचाराचा एक मोठा भाग कोणत्याही खात्यावर नोंदला जात नाही. तो म्हणजे उपचाराच्या दिवशी रुग्णाने स्वतःची घेतलेली काळजी. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकातील जे काही पुढे सांगितले आहे, ते आमच्या डॉक्टरांकडून, सिस्टरांकडून आणि त्याहून अधिक रुग्णांकडून शिकलेले आहे.

थॅलेसेमिया मेजर हा आनुवंशिक आजार आहे. शरीरात हिमोग्लोबिन पुरेसे तयार होत नाही. म्हणून आयुष्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच बाळाला रक्त चढवावे लागते आणि पुढे साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर. पूर्वी ही मुले बालपणीच दगावत. आज नियमित उपचार मिळाल्यास ती शिकतात, नोकरी करतात, संसारही थाटतात. ही आनंदाचीच गोष्ट. पण तिच्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. लहानपणी तारखा, गोळ्या, अहवालांच्या फायली हे सारे आई सांभाळते. मूल मोठे झाल्यावर हा भार कोणी उचलायचा? तो रुग्णाने हळूहळू आपल्या हाती घेतला नाही, तर ऐन तारुण्यात उपचारात खंड पडतो.

असा खंड आमच्या लक्षात आला तो नोंदवहीमुळे. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून आमच्याकडे येणाऱ्या एका तरुणाचे नाव लागोपाठ दोन तारखांना दिसले नाही. चौकशी करीपर्यंत नऊ आठवडे उलटले होते. तो आला तेव्हा हिमोग्लोबिन 5.4 होते आणि एक जिना चढताना त्याला तीनदा थांबावे लागले. रक्त चढवण्यापूर्वीची पातळी साधारण 9 ते 10.5 च्या दरम्यान राहावी, अशी अपेक्षा असते. त्याला कारण विचारले. एका दुकानात तो कामाला लागला होता आणि दर खेपेस पूर्ण दिवसाची रोजी बुडत होती. सकाळी नमुना, दुपारी क्रॉसमॅच होऊन रक्त, रात्री सुटका, असा आमचाच क्रम होता. म्हणजे दोष एकट्या त्याचा नव्हता. त्यानंतर आम्ही आदल्या संध्याकाळी नमुना घेण्यास आरंभ केला आणि रविवारीही कक्ष उघडा ठेवला. हा तरुण आता रविवारी येतो. सोबत त्याची स्वतःची वही असते.

आदल्या दिवशी

क्रॉसमॅचसाठी नमुना वेळेवर द्यावा. पूर्वी रिॲक्शन आली असल्यास त्याच वेळी सांगावे. या उपचारासाठी उपाशीपोटी येण्याची गरज नाही. रात्रीचे जेवण, झोप आणि सकाळची न्याहारी नेहमीप्रमाणे व्हावी. भरपूर पाणी प्यावे. शीर सापडणे सोपे जाते. सैल बाह्यांचा सदरा, पांघरूण, जेवणाचा डबा, चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि वेळ घालवण्यासाठी काहीतरी बरोबर घ्यावे. मोठ्या रुग्णाला दोन पिशव्या लागल्या, तर सहा-सात तास सहज जातात. एवढा वेळ केवळ थेंब मोजत काढणे कोणालाही जड जाते.

रक्त सुरू असताना

पिशवी लावण्यापूर्वी सिस्टर नाव विचारतात. रुग्णाने ते स्वतः, स्पष्ट सांगावे. पिशवीवरील नाव, नोंदणी क्रमांक व रक्तगट जुळतात की नाही, हे आपणही पाहावे. यात संकोच नको. रोज ओळखीचे चेहरे असतात म्हणूनच ही तपासणी कधीही टाळू नये.

पहिली पंधरा मिनिटे विशेष जपावीत. थंडी वाजणे, ताप, अंगाला खाज किंवा गांधी, पाठीत वा कमरेत दुखणे, धाप लागणे, छातीत अस्वस्थ वाटणे, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ सांगावे. पुन्हा सुई टोचतील, उशीर होईल, या भीतीने मुले गप्प बसतात, हा आमच्या सिस्टरांचा नेहमीचा अनुभव आहे. सांगणाऱ्या मुलाला कोणी रागावणार नाही, याची हमी आम्ही देतो. कोणत्या हाताला सुई लावावी, हे शक्य तेथे मुलालाच विचारले जाते. ज्या दिवशी बाकी सारे इतरांनी ठरवलेले असते, त्या दिवशी एवढीशी निवडही मुलाला धीर देते.

लोहाचा हिशेब

आता माझ्या विषयाकडे वळतो. रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे 200 मिलिग्रॅम लोह शरीरात जमा होते. शरीर मात्र दिवसाला एखाद-दुसराच मिलिग्रॅम खर्ची टाकू शकते. दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या धरल्या, तर वर्षाला सुमारे 34 पिशव्या, म्हणजे जवळपास 6,800 मिलिग्रॅम लोह जमा. निरोगी प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात मिळून साधारण 3 ते 4 ग्रॅमच लोह असते. ही शिल्लक फायद्याची नाही. ती हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठते व त्यांना निकामी करते. म्हणून लोह बाहेर काढणारे औषध हा या उपचाराचा दुसरा पाय होय. काहींना डिफेरॉक्सामिनचा पंप रात्री 8 ते 12 तास पोटाच्या त्वचेखाली लावावा लागतो. काहींना डिफेरिप्रोन अथवा डिफेरासिरॉक्सच्या गोळ्या चालतात.

रक्त चढले की दुसऱ्या दिवसापासून तरतरी येते. गोळी घेतल्याने मात्र काहीच जाणवत नाही. चुकवल्यानेही लगेच काही जाणवत नाही. म्हणूनच ती चुकते. यावर उपाय एकच, हिशेब ठेवणे. रक्ताची तारीख, वजन, आधीचे हिमोग्लोबिन, पिशव्यांची संख्या, फेरिटिनचा आकडा आणि चुकलेल्या गोळ्या रुग्णाने स्वतःच्या वहीत लिहाव्यात. चुकलेली गोळी लपवू नये. खोटी नोंद पाहून डॉक्टर औषध वाढवतील आणि त्याचा भुर्दंड शरीराला पडेल.

घरी गेल्यावर

लघवी गडद होणे, ताप अथवा कावीळ ही लक्षणे पुढील काही दिवसांतही दिसू शकतात. तसे झाल्यास त्वरित यावे. डिफेरिप्रोन घेणाऱ्यास ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याचे ते लक्षण असू शकते. अशक्तपणा दिसतो म्हणून लोहयुक्त टॉनिक कदापि देऊ नये.

मातापित्यांनी स्वतःकडेही पाहावे. मुलाला डबा भरवून दिवसभर केवळ चहावर राहणाऱ्या माता आम्ही नित्य पाहतो. दोघांनी आळीपाळीने यावे, मुलाच्या भावंडांनाही वेळ द्यावा. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की वही त्याच्या हाती द्यावी आणि डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे त्यालाच देऊ द्यावीत.

एक विनंती

रुग्णाने ही सारी शिस्त पाळली, तरी रक्तपेढीत रक्त नसेल तर त्याची तारीख चुकतेच. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालये बंद असतात, शिबिरे थांबतात, पण या मुलांच्या तारखा थांबत नाहीत. सुट्टीच्या या दिवसांत रक्तदान करावे, ही देणगीदारांस विनंती. वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असलेल्या निरोगी पुरुषास दर तीन महिन्यांनी व स्त्रीस दर चार महिन्यांनी रक्तदान करता येते. तसेच विवाहापूर्वी थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्यावी. पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.

आपल्या दातृत्वामुळे कक्षातील दिवे रविवारीही लागतात. त्यांचा उपयोग व्हावा यासाठी रुग्ण आपली बाजू सांभाळीत आहेत, हे आपणांस कळावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

— प्रशासकीय अधिकारी