विनयनगरची लोकर, लक्ष्मीबाई नगरचा हलवा

दिल्लीच्या जानेवारीबद्दल मराठी माणसाची तक्रार ठरलेली. धुकं, गारठा, दुपारी बारापर्यंत न दिसणारं ऊन आणि कितीही पांघरलं तरी गार ते गारच पडणारे पाय. पण याच थंडीत एक गोष्ट अशी काही जमते, की मुंबईच्या दमट हवेत जन्म काढलेल्या सुगरणीला हेवा वाटावा. ती म्हणजे हलव्यावरचा काटा.

संक्रांतीच्या आधी तीन-चार दिवस मंद आचेवर परात ठेवायची. तिच्यात तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा. साखरेचा एकतारी पाक एका वेळी चमचाभरच घालायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि आच वाढली तर साखर पिवळी पडते. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो, दुसऱ्या दिवशी फुगतो. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गार, कोरड्या हवेत त्याला बारीक टोकं फुटू लागतात, तोच काटा. मग तो हलवा दोऱ्यात गुंफून काळ्या कापडावर टाचायचा. त्यातून नव्या सुनेसाठी मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद नि कंबरपट्टा होतो, तर बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी.

हे काम एकटीनं होत नाही. परातीपाशी कुणी ना कुणी बसायला लागतं आणि लक्ष्मीबाई नगरसारख्या वसाहतीत ते कुणी बहुधा मराठी नसतं.

दक्षिण दिल्लीत आयएनए मार्केट आणि सरोजिनी नगर यांच्या शेजारी ही सरकारी वसाहत आहे. नाव झाशीच्या राणीचं, म्हणजे मोरोपंत तांब्यांच्या मनूचं. त्यामुळे मराठी कानाला ते घरचं वाटतं. वसाहत मात्र कधीच मराठी नव्हती. स्वातंत्र्यानंतर राजधानीत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी भराभर क्वार्टर उभे राहिले. या भागाला तेव्हा विनयनगर म्हणत. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, लक्ष्मीबाई नगर ही नावं पुढची. दुमजली घरं, मध्ये मोकळी हिरवळ आणि कडेला कडुनिंब. घर मिळायचं ते पगाराच्या श्रेणीप्रमाणे आणि यादीतल्या नंबराप्रमाणे. त्यामुळे कुणाचा शेजार कुणाच्या वाट्याला येईल, हे सांगता यायचं नाही. वरच्या मजल्यावर तंजावरचं कुटुंब, समोर फाळणीनंतर आलेलं पंजाबी घर, पलीकडे बंगाली आणि जिन्यापाशी रत्नागिरीची नवी सून. पहाडगंजातलं बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा म्हणजे बसचा लांब प्रवास. तिथं सणासुदीला जायचं. रोजच्या मैत्रिणी मिळायच्या त्या जिन्यात आणि हिरवळीवर.

त्या मैत्रीचं माध्यम होतं लोकर.

1960-70च्या दशकांतलं हिवाळी दिल्लीचं चित्र जुनी माणसं अजून सांगतात. पुरुषमंडळी सायकलनं, बसनं ऑफिसला गेली आणि धुणंभांडी उरकली, की अकराच्या सुमाराला हिरवळीवर बाजा पडायच्या. एकीच्या पुढ्यात सोलायला मटार, दुसरीच्या चिरायला मेथी, पण सुया सगळ्यांच्या हातात. कानपूरच्या लाल इमलीची लोकर नावाजलेली, लुधियानाची थोडी स्वस्त. मराठी बाईला विणकाम येत नव्हतं असं नाही. बाळंतविड्यातली टोपडी, मोजे, क्रोशाची दुपटी तिनं माहेरीच केलेली असायची. पण मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर, तोही दर साल घरात चार, हा तिला नवा धडा होता. पंजाबी शेजारीण तो शिकवायची. मराठीतला टाका तिच्याकडे ‘फंदा’ होता. मराठीत फंदात पडणं म्हणजे नसती भानगड ओढवून घेणं. इथं फंदे मोजल्याशिवाय पुढची ओळच नाही. ‘दोन सुलट, दोन उलट’चं ‘दो सीधे, दो उल्टे’ झालं आणि त्या चार शब्दांवर कित्येक बायकांचं हिंदी उभं राहिलं.

सरकारनंही या दुपारींना छप्पर दिलं. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी 1961 मध्ये गृह कल्याण केंद्र ही संस्था स्थापन झाली. सरकारी वसाहतींतल्या समाज सदनांत तिनं शिवणवर्ग आणि बालवाड्या चालवल्या. मॅट्रिकनंतर लग्न होऊन परमुलखात आलेल्या मुलीला घराबाहेर पडायला हे सबळ कारण होतं. शिवणाला जाते म्हटल्यावर कुणी अडवायचं नाही.

लोकर उसवण्याचं काम तर मुद्दाम सांगण्यासारखं. मुलाचा गेल्या वर्षीचा स्वेटर आखूड झाला की तो टाकायचा नाही, उसवायचा. उसवलेली लोकर कुरळी होते, नूडल्ससारखी. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लड करायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची आणि खाली वजन बांधून टांगायची, म्हणजे बाक निघतो. मग गुंडा. एकीनं दोन्ही हात पुढे धरून लड ताणायची, दुसरीनं समोर बसून धागा गुंडाळत जायचं. अर्धा-पाऊण तास दोघी समोरासमोर. एकीचे हात पूर्ण अडकलेले, दुसरीची नजर धाग्यावर. अशा वेळी बोलणं फार सोपं होतं, कारण एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. बदलीचा हुकूम आला आहे, गावाहून सासूबाईंच्या आजाराचं पत्र आलंय, केंद्रीय विद्यालयात प्रवेश होतो की नाही, महागाई भत्ता कधी जाहीर होणार, आणि मग आवाज खाली आणून आणखी काही. गुंडा संपायचा तेव्हा दोघींना एकमेकींच्या घरातलं बरंच कळलेलं असायचं. स्वेटरचं श्रेय विणणारीला मिळतं, पण दोन हात धरून बसणारीचाही त्यात वाटा आहे.

याच काळात दिल्लीच्या बैठकीच्या खोल्यांत एक नवं चित्र दिसू लागलं आणि त्यामागे एक मराठी माणूस होता. 1966-67च्या दुष्काळात बिहारच्या मधुबनी भागातल्या बायकांना कमाईचं साधन मिळावं, म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथं कागद घेऊन गेले. घराच्या भिंतींवर लग्नकार्याला काढायची चित्रं त्यांनी बायकांना कागदावर काढायला लावली. पुढे डहाणूकडच्या वारली चित्रांसाठीही त्यांनी हेच केलं. जिव्या सोमा म्हसे यांची कला जगापुढे आली त्यात कुलकर्णींचा मोठा हात आहे. भिंतीवरचं कागदावर आलं आणि कागद रेल्वेनं दिल्लीला आला.

मधुबनीच्या त्या बायकांत गंगादेवी होत्या. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारत महोत्सवाच्या निमित्तानं त्या अमेरिकेला गेल्या आणि परतल्यावर त्यांनी तिथला रोलर कोस्टर काढला, रामायण जिच्यात काढलं त्याच बारीक रेघेत. मग त्यांना कर्करोग झाला. उपचार दिल्लीच्या एम्समध्ये झाले, म्हणजे लक्ष्मीबाई नगरातून चालत जाता येईल इतक्या जवळ. तिथले दिवस त्यांनी चित्रमालिकेत उतरवले. रुग्णालयाची खाट, डॉक्टर, उपचार, सगळं तिथं आहे. देवदेवतांसाठी आणि लग्नघरासाठी राखलेल्या शैलीत एका बाईनं स्वतःचं दुखणं काढलं. हातानं केलेल्या कामात रोजचं जगणं किती उतरू शकतं याचं याहून मोठं उदाहरण शोधावं लागेल. त्याच आजारपणात त्यांनी दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात कोहबर घर, म्हणजे नवदांपत्याची खोली, भिंतीभर रंगवली. 1991 मध्ये त्या गेल्या. पुढे नूतनीकरणात ती खोलीच पाडली गेली. ही हानी भरून निघणारी नाही आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं, याचं वाईट वाटतं.

1994 मध्ये वसाहतीच्या दारातच बाजार आला. आयएनए मार्केटसमोरचा उघडा नाला झाकून त्यावर दिल्ली हाट उभं राहिलं. वास्तुरचना प्रदीप सचदेव यांची. दस्तकारी हाट समितीच्या जया जेटली यांनी ही कल्पना लावून धरली होती. गावच्या आठवडी बाजाराचा नमुना समोर होता. गाळा कायमचा कुणाला द्यायचा नाही, कारागिरानं पंधरा दिवस यायचं, विकायचं आणि जागा दुसऱ्याला द्यायची. आज येवल्याचा पैठणीवाला, पंधरवड्यानं कच्छची भरतकाम करणारी, मग सावंतवाडीची लाकडी फळं. बाहेरगावचा माणूस तिथं तिकीट काढून सहलीला जातो. लक्ष्मीबाई नगरातल्या बायका संध्याकाळी पाय मोकळे करायला जाऊ लागल्या. आपण दुसुतीवर जो टाका घालतो तो इथं वेगळा कसा दिसतो, हे त्या करणारीलाच विचारता येऊ लागलं. कच्छच्या बाईनं मांडीवर कापड घेऊन आरसा कसा बसवायचा ते दाखवायचं, इकडचीनं घरून डब्यातून काही आणायचं, असाही व्यवहार तिथं चालतो. त्याची पावती नसते.

पण खरं सांगायचं तर याच दशकात हिरवळीवरचं विणकाम ओसरलं. सरोजिनी नगरच्या बाजारात निर्यातीतून उरलेले स्वेटर लोकरीच्या किमतीपेक्षा स्वस्त मिळू लागले. बायका स्वतः नोकरीला लागल्या, त्यामुळे अकराच्या उन्हात बाजेवर बसायला कुणी उरलं नाही. याचं दुःख करावं का? ज्या बाईनं दर हिवाळ्यात चार स्वेटर विणले, तिला विचारलं तर ती मुलीच्या पगाराचं कौतुक आधी सांगेल. हौस म्हणून विणणं आणि गरज म्हणून विणणं यात फरक आहे. आता जे टिकलं आहे ते हौसेचं, आणि म्हणून जास्त खुललेलं. लग्नातलं रुखवत पाहावं. सुपारीचे भटजी, खडीसाखरेचा बंगला, सप्तपदीच्या सात सुपाऱ्या हे सगळं करायला वधूच्या मैत्रिणी ऑफिस सुटल्यावर जमतात. चांदणी चौकाच्या किनारी बाजारातून जर आणि मणी आणायची मोहीम निघते. त्या एका रविवारी जितकं काम होतं त्याच्या तिप्पट बोलणं होतं.

मैत्रिणी आता एका गल्लीतच असायला हव्यात असंही नाही. देशभरातल्या क्रोशा विणणाऱ्या बायकांनी ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या नावानं एकत्र येऊन घरोघरी चौकोन विणले. 31 जानेवारी 2016 रोजी ते चेन्नईत जोडले, तेव्हा 11,148.5 चौरस मीटरची चादर झाली आणि गिनेस बुकात नोंदली गेली. 2020च्या टाळेबंदीत तर शिवणयंत्रांवरची आवरणं घराघरांतून निघाली. जुन्या सुती साड्यांचे, पोलक्यांच्या उरलेल्या अस्तरांचे मुखपट्टे शिवले गेले आणि शेजाऱ्यांच्या दाराच्या कडीला अडकवले गेले.

दरम्यान भोवतालचं विनयनगर बदलत गेलं. पूर्व किदवई नगरात उंच इमारती आल्या. 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर धरून सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. 2018च्या जूनमध्ये झाडं तोडण्याची वेळ आली तेव्हा दिल्लीकर सरोजिनी नगरात झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि उच्च न्यायालयानं तोड थांबवली. वरच्या मजल्यावरच्या घरात सोयी जास्त असतात, हे कबूल. पण दहाव्या मजल्यावरून मटाराचं टोपलं नि लोकरीची पिशवी घेऊन कुणी सहज खाली येत नाही. जमिनीवरचं ऊन ही या सगळ्या मैत्रीची पहिली गरज होती. नकाशा काढणाऱ्यांनी त्याचा हिशेब धरायला हवा होता.

30 एप्रिल 2025च्या रात्री दिल्ली हाटला आग लागली. जीवितहानी झाली नाही, पण अनेक गाळे मालासकट जळाले. पंधरा दिवसांसाठी वर्षाची कमाई बांधून आणलेल्या कारागिराला एका रात्रीत रिकामं व्हावं लागणं काय असतं, हे वीतभर भरतकामाला आठवडा घालवणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

त्याआधी दोनच महिने, फेब्रुवारीत, तालकटोरा स्टेडियमवर 98वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. 1954 नंतर पहिल्यांदा दिल्लीत. अध्यक्ष होत्या तारा भवाळकर. बायकांची ओवी, उखाणे, व्रतं, खेळ यांचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. जात्यावर बसलेली बाई दळता दळता भावाबद्दल, सासरबद्दल, विठोबाबद्दल बोलते. हात कामात गुंतलेले असतात म्हणून मन मोकळं होतं. लोकरीच्या लडीपाशी बसलेल्या त्या दोघी त्याच जातकुळीच्या, फक्त एकीची मराठी आणि दुसरीची पंजाबी.

संक्रांत सरली, रथसप्तमीला हळदीकुंकू आटोपलं, की हलव्याचे दागिने कोरड्या बिस्किटाच्या डब्यात कागदाच्या घड्या घालून ठेवायचे. दिल्लीत ते पावसाळ्यापर्यंत तरी सहज राहतात आणि सांभाळले तर पुढच्या जानेवारीपर्यंतही. मग खालच्या मजल्यावर एखादं बाळ आलेलं असतं. त्याची आई मदुराईची असते, तिला बोरन्हाण हा शब्दही माहीत नसतो. तरी डबा तिच्या घरी जातो. मुकुटाचा दोरा सैल झालेला असतो, चार-पाच दाणे गळलेले असतात. मुकुट बाळाच्या डोक्याच्या मापाचा करायला दोघी दुपारी जमिनीवर बसतात, एक सुईत दोरा ओवते आणि दुसरी विचारते, ‘बोरं कुठं मिळतील गं इथं?’ आयएनए मार्केटात मिळतात. संध्याकाळी जाऊन आणू, असं ठरतं.