वऱ्हाडातले गाणे आणि तिकिटाचा गल्ला

अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात किंवा अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात गाण्याचा कार्यक्रम जाहीर झाला, की ‘तिकीट केवढ्याला?’ हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. ‘पास कोणाकडे मिळतील?’ हा मात्र हटकून विचारला जातो. या दोन शहरांतील संगीतव्यवसायाचे बहुतेक अर्थकारण त्या एका प्रश्नात सामावले आहे. वऱ्हाडात श्रोते नाहीत, अशी तक्रार कोणालाच करता येणार नाही. दिवाळी पहाट असो, गणेशोत्सव असो, 14 एप्रिलच्या आगेमागे होणारे भीमगीतांचे कार्यक्रम असोत वा मैदानातल्या कव्वाल्या, गर्दीला तोटा नसतो. फक्त जो ऐकतो तो पैसे देत नाही, आणि जो पैसे देतो तो ऐकायलाच आलेला असतो असे नाही.

याच वेळी महानगरांत नेमके उलटे चित्र आहे. 2025 च्या जानेवारीत ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम नवी मुंबईत झाले. त्यांची तिकिटे 2,500 पासून 35,000 रुपयांपर्यंत होती. ती आदल्या सप्टेंबरात विक्रीस आली आणि पाहता पाहता संपली. मग काळ्या बाजारात त्यांचे भाव लाखांत बोलले जाऊ लागले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. तथापि असा कायदा करणे हे विधिमंडळाचे काम, असे म्हणून न्यायालयाने ती याचिका फेटाळली. त्या 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. म्हणजे सर्वांत महागड्या एका तिकिटाची किंमत साडेचार क्विंटल कापसाहून अधिक भरली. तिकीट विकणे हाच आता स्वतंत्र धंदा झाला आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये झोमॅटो कंपनीने पेटीएमचा तिकीटविक्रीचा व्यवसाय 2,048 कोटी रुपयांना विकत घेतला, तो काही हौसेखातर नव्हे.

या तेजीचे स्पष्टीकरण अर्थशास्त्राला नवे नाही. शेर्विन रोझेन यांनी 1981 मध्ये दाखवून दिले, की तंत्रज्ञानामुळे एकच कलावंत असंख्य लोकांपर्यंत पोहोचू लागला, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या कलावंताकडे बाजारातला मोठा वाटा जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या वाट्याला, गुणांत फारसे अंतर नसतानाही, फार थोडे उरते. त्याआधी 1966 मध्ये बॉमॉल आणि बोवेन या दोघांनी रंगमंचीय कलांच्या दुखण्याचे निदान केले होते. अकोल्याच्या जिनिंगमध्ये यंत्र सुधारले, की तेवढ्याच मजुरांकडून अधिक कापूस पिंजून निघतो. पण विलंबित एकतालाचे आवर्तन पन्नास वर्षांपूर्वी जेवढा वेळ घेई तेवढाच आजही घेते, आणि तबलजीही एकच लागतो. इतरत्र मजुरी वाढते तशी त्याचीही वाढली पाहिजे. मात्र त्याचे उत्पादन वाढू शकत नाही. तेव्हा एक तर तिकीट चढले पाहिजे, नाही तर तिसऱ्याच कोणी तूट भरून काढली पाहिजे. वऱ्हाडाने हा दुसरा मार्ग पत्करला.

वस्तुतः तिकीट या प्रांताला परके नव्हते. 1905 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होते. ‘रणदुंदुभी’कार वीर वामनराव जोशी अमरावतीचेच. संगीत नाटकमंडळ्या गावोगाव फिरत, तेव्हा त्यांचा संसार रात्रीच्या गल्ल्यावर चाले. सरकारी अनुदान नव्हते, प्रायोजक हा शब्दही नव्हता. नाट्यपदांसाठी ‘वन्स मोअर’ मागणारा प्रेक्षक पदरचे पैसे मोजून आलेला असे, म्हणून त्याच्या मागणीला वजन असे. त्या काळी थिएटर हे नगराच्या सार्वजनिक जीवनाचेही स्थान होते: 13 नोव्हेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली वऱ्हाडातील परिषद अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरातच झाली. पुढे बोलपट आला, मंडळ्या मोडल्या आणि तिकिटाची खिडकी सिनेमाकडे गेली. गाणे मंडपात आले, ते वर्गणीच्या आश्रयाने.

वर्गणीपर्यंत ठीक होते. निदान मोहल्ल्यातला प्रत्येक जण दोन-पाच रुपयांचा तरी आश्रयदाता असे. आज वर्गणीची जागा फलकावरच्या छायाचित्रांनी घेतली आहे. पुढारी, बांधकाम व्यावसायिक, पतसंस्था, क्लासचे संचालक असे जे कोणी ‘सौजन्य’ देतात, ते गाणे विकत घेत नाहीत. गर्दी विकत घेतात. त्यांच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. मात्र मग कार्यक्रमाची आखणी त्यांच्या सोयीने होते. शाल-श्रीफळ, मनोगते आणि आभार यांत पाऊण तास जातो आणि तोवर तानपुरे जुळवून बसलेला गायक विंगेत ताटकळतो. शासनही याच वाटेने जाते. 2024 च्या आरंभी राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सव झाले. प्रवेश विनामूल्य होता. नामवंत कलावंत फुकट पाहायला मिळाल्यावर पुढच्या महिन्यात स्थानिक गायकाच्या मैफलीला दोनशे रुपये कोण मोजणार?

खरी झळ बसते ती संगत करणाऱ्यांना. तबला, ढोलकी, संवादिनी, ऑक्टोपॅड वाजवणारे, ध्वनिव्यवस्था सांभाळणारे हे लोक ‘सुपारी’वर जगतात. भाद्रपद ते दिवाळी आणि पुन्हा एप्रिलात एका रात्री दोन-दोन ठिकाणी धावायचे, उरलेले महिने शिकवण्या किंवा लग्नातले गाणे. ध्वनिफितींच्या विक्रीतून जे काही येत असे तेही आटले. गझलनवाज भीमराव पांचाळे अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे, सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा. ज्या मातीने मराठी गझलेला असे शब्द आणि असा स्वर दिला, तिथल्या नव्या गायकाला नाव कमवायला पुणे-मुंबईच गाठावी लागते.

थोडा हिशेब करून पाहावा. समजा, सहाशे आसनांचे सभागृह आहे आणि तिकीट सरासरी 250 रुपये. चारशे तिकिटे खपली तर एक लाख रुपये जमतात. भाडे, ध्वनी, प्रकाश, जाहिरात यांना चाळीस हजार गेले, तरी गायक-वादकांना साठ हजार उरतात. आता त्याच चारशेंपैकी दीडशे जणांनी ओळखीने पास मिळवला, तर 37,500 रुपये कमी होतात. पण भाडे कमी होत नाही, ध्वनिवाला कमी घेत नाही. कलावंतांच्या साठ हजारांचे साडेबावीस हजार होतात. पास फुकट असतो, हा समज एवढा खोटा आहे. त्याची किंमत तबलजी देतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनाला तिकीट नव्हते. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभोवती हजारो माणसे बसत, त्यांनाही कोणी दाम विचारला नाही. ज्या प्रांतात गाणे हे प्रबोधनाचे साधन होते तिथे ते विकावे काय? भजन, कीर्तन, भीमगीते यांना दार नसावे हेच योग्य. ती समाजाने स्वतःसाठी केलेली सामुदायिक गोष्ट आहे. परंतु चित्रपटगीतांच्या रजनीला किंवा गझलेच्या मैफलीला संतांचे नाव पुढे करून फुकट बसणे हा निराळा प्रकार झाला. पुण्यात 1953 पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला लोक तिकीट काढून, सतरंजीवर बसून गाणे ऐकतात. भक्ती तिथेही कमी नसते.

कायद्याची अडचण म्हणावी तर तीही नाही. संगीताच्या कार्यक्रमाचे 500 रुपयांपर्यंतचे तिकीट वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. त्यापुढे 18 टक्के लागतात. म्हणजे अमरावती-अकोल्याला परवडेल ते तिकीट बहुधा करमुक्तच राहील. ही दोन शहरे एकाच रेल्वेमार्गावर, शंभरेक किलोमीटरच्या अंतरात आहेत. कलावंतांचा तोच ताफा शनिवारी अकोल्यात आणि रविवारी अमरावतीत गायला, तर प्रवास आणि तालमीचा खर्च निम्म्यावर येतो. 2025 च्या एप्रिलपासून बेलोऱ्याचा विमानतळही मुंबईशी जोडला गेला आहे. विद्यार्थ्यांना शंभर रुपयांचे तिकीट, शिक्षक-कारकुनांना वर्षाच्या चार मैफलींचे एकत्र सभासदत्व आणि स्थानिक वादकांना ठरलेले मानधन, एवढ्यावर एखाद्या संगीतसभेला सुरुवात करता येईल. सभागृहाच्या पहिल्या तीन रांगा आजवर ज्यांच्यासाठी राखून ठेवल्या जात, त्यांच्या नावे तिकिटे फाडायची की नाही, हे मात्र आयोजकांना पहिल्याच बैठकीत ठरवावे लागेल.