देऊळ गेले, शेते राहिली

गोव्यातील साष्टी आणि बारदेश 1543 मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले आणि पंचवीस वर्षांच्या आत साष्टीतली देवळे पाडली गेली. 1567 साली राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉद्रिगिश याने गावोगाव केलेला विध्वंस हा त्यातला सर्वांत मोठा. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ ही दैवते भक्तांनी जुवारी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे तेव्हाच्या आदिलशाही मुलखात नेली. स्थलांतराची ही हकीकत मराठी वाचकाला ठाऊक आहे. देव ज्या गावातून उठले, त्या गावात मागे काय उरले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आणि विचारलेच, तर शोध सुरू होतो तो एखाद्या चौथऱ्यापासून किंवा भिंतीत सापडलेल्या कोरीव दगडापासून. साष्टीतल्या गावांपुरता तरी हा रस्ता फार दूर नेत नाही. तिथली हरवलेली देवळे आज सर्वांत स्पष्ट दिसतात ती शेतसाऱ्याच्या कागदांत.

दगड थोडे का सापडतात, याची कारणे साधी आहेत. या भागातले बांधकाम जांभ्या चिऱ्याचे, मातीचे आणि लाकडाचे. पाडलेल्या भिंतीचा चिरा पुन्हा वापरता येतो, आणि माती-लाकूड कोकणच्या पावसात टिकत नाही. तांबडी सुर्ल्याचे काळ्या दगडातले देऊळ सह्याद्रीच्या पायथ्याशी रानात उभे राहिले म्हणून त्याच्यावरून साष्टीतल्या प्रत्येक ग्रामदेवळाची कल्पना करणे चुकीचे होईल. याहून मोठी दिशाभूल अंत्रुजातली आजची देवळे करतात. कवळ्याच्या शांतादुर्गेचे मंदिर शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकात बांधले गेले. त्याचा घुमट आणि कमानी त्या शतकाच्या आहेत. 1560 च्या केळशीबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. नदी ओलांडली ती देवाने आणि कुळांनी. केळशीच्या वास्तूचा आकार त्यांच्याबरोबर गेला नाही.

कागदांचे तसे नाही. गावकरीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या कुळांच्या संस्थेची, जुनी वहिवाट पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोन्सु मेशियाने 1526 मध्येच लिहून काढली होती, कारण वहिवाट कळल्याशिवाय सारा वसूल होत नव्हता. देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनींचे काय करायचे हा प्रश्न आला. त्या जप्त करून त्यांचे उत्पन्न चर्च आणि पाद्र्यांच्या शिक्षणसंस्थांकडे वळवायचे, तर प्रत्येक शेत कोणत्या देवाचे हे आधी नोंदवावे लागणार. म्हणून देवळे पाडली गेली त्या काळातच साष्टीत या जमिनींच्या गाववार याद्या झाल्या, आणि 1595 मध्ये फ्रांसिश्कु पाइश याने तिसवाडी, साष्टी व बारदेश यांच्या उत्पन्नाची मोठी नोंदवही तयार केली. ही वही इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी टिपांसह 1952 मध्ये छापली. अशा नोंदींतून गावात किती देवता होत्या, कोणत्या देवतेला किती शेते लावून दिली होती, पुजारी, वाजंत्री, नृत्य करणाऱ्या स्त्रिया, कारागीर यांपैकी कोणाचा चरितार्थ कोणत्या तुकड्यावर चाले, हे कळत जाते. हे सगळे हाती आल्यावर चौथरा सापडला नाही तरी देऊळ ही संस्था डोळ्यांपुढे उभी राहते. मला तर चौथऱ्यापेक्षा हीच माहिती मोलाची वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की पाडणाऱ्यांनीच लिहिलेल्या कागदांवर विश्वास का ठेवावा? देवतांविषयी त्यांनी जे मत लिहिले त्यावर ठेवू नये. पाद्र्यांच्या पत्रांतली विजयाची भाषा तर पारखूनच घ्यावी. पण शेताची नोंद करणाऱ्याला शेत चुकवून चालत नव्हते, चुकले तर उत्पन्न बुडणार. त्याच्या लोभानेच ती नोंद काटेकोर केली. देवतांची नावे त्याच्या कानाने वेडीवाकडी झाली आहेत. ती सुधारायला दुसरा पुरावा हाताशी आहे. अंत्रुजातल्या देवस्थानांच्या महाजनांची कुळे आजही मूळ गावाचे नाते सांगतात. त्या कुळांची नावे आणि गावच्या कोमुनिदादीची (गावकरीचे पोर्तुगीज नाव) जुनी पुस्तके एकमेकांशी ताडून पाहता येतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असा शोध आजच्या चर्चच्या पायाखाली खणण्याचे निमित्त होईल. गोवा सरकारने 2022 च्या अर्थसंकल्पात पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी 20 कोटी रुपयांची तरतूद केली, त्यामुळे ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही. पण जमिनीच्या याद्या नेमके याच्या उलट सांगतात. कोणते शेत देवाचे हे त्या सांगतात, गाभारा कोणत्या जागी होता हे क्वचितच. त्यांच्या आधारे कोणाच्या वेदीखाली बोट दाखवता येत नाही. शिवाय धर्मांतरित गावकऱ्यांची कुळे गावकरीतच राहिली आणि त्याच जमिनीच्या उत्पन्नातून पुढे चर्चचाही खर्च निघाला. देवळाचा इतिहास आणि चर्चचा इतिहास एकाच वहीत आहेत. एक वाचायचा आणि दुसरा फाडायचा, असे करता येणार नाही. भरपाईच करायची असेल, तर त्या निधीतला थोडा भाग या पोर्तुगीज नोंदींची मराठी आणि कोंकणी भाषांतरे गाववार छापण्याकडे, आणि शेतांची जुनी नावे सांगणारी वृद्ध माणसे आहेत तोवर ती नावे आजच्या नकाशावर बसवण्याकडे वळवावा. सुरुवात केळशी आणि कुठ्ठाळीपासून करावी. तिथली कुळे नदीच्या दोन्ही तीरांवर विभागली गेली आहेत, त्यामुळे कागदातले प्रत्येक नाव दोन ठिकाणी तपासून घेता येईल.