सूर्यमालेचा गृहपाठ

सहावी-सातवीतले मूल घरात असले म्हणजे वर्षातून एकदा तरी सूर्यमालेचा प्रकल्प घरी येतोच. "उद्याच द्यायचाय," असे ते रात्री जेवताना सांगते. मग वडील पुठ्ठा शोधायला लागतात, आई रंग कालवते, दुकानातून थर्माकोलचे आठ गोळे येतात. शनीला जुनी बांगडी बसते, काळ्या कागदावर टिकल्यांचे तारे चिकटतात आणि अकराच्या सुमारास सूर्यमाला तयार होते. मूल तोवर झोपी गेलेले असते. शाळेत या प्रकल्पाला चांगले गुण मिळतात, आठवडाभर तो वर्गाच्या भिंतीवर टांगला जातो आणि पुढे कपाटामागे जातो.

यात कोणाला दोष द्यावा असा हेतू नाही. एका वर्गात पन्नास-साठ मुले, त्यात अभ्यासक्रम पुरा करायचा, अशा वेळी शिक्षकांनाही सोपा मार्ग धरावा लागतो. पण या प्रकल्पातून मूल काय शिकले, हे एकदा तपासून पाहण्यासारखे आहे. तक्त्यावर सगळे ग्रह एका ओळीत, एकमेकांना खेटून उभे असतात. मुलाला वाटते, आकाशातही ते तसेच असणार. तक्त्यावर पृथ्वी लिंबाएवढी आणि सूर्य फार तर कलिंगडाएवढा. मुलाला वाटते, दोघांत एवढाच फरक असणार. तोंडाने ते अंतरे घडाघडा म्हणून दाखवील, पण मनातले चित्र मात्र तक्त्याचेच राहते.

आता तक्ता असा का काढतात, ते पाहू. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर आणि पृथ्वीचा सुमारे १२ हजार ७४२. म्हणजे सूर्याच्या रुंदीत १०९ पृथ्वी ओळीने बसतील. पृथ्वी बोराएवढी, दोन सेंटीमीटरची धरली, तर सूर्याचा गोळा दोन मीटरांहून मोठा होईल आणि तो २३५ मीटर लांब ठेवावा लागेल. उलट सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतचे अंतर एक मीटरच्या पुठ्ठ्यावर बसवायचे म्हटले, तर सूर्यच खसखशीच्या दाण्याहून लहान होतो आणि पृथ्वी डोळ्यांना दिसतच नाही. एका कागदावर आकार आणि अंतरे ही दोन्ही खरी दाखवता येत नाहीत. म्हणून चित्रकार दोन्ही बदलतो. तसे करण्यात वावगे काही नाही. पण ही गोष्ट मुलाला कोणी तरी सांगितली पाहिजे. "या तक्त्यात काय काय खरे नाही?" हा प्रश्नच एक उत्तम गृहपाठ आहे.

त्याहून चांगला गृहपाठ म्हणजे सूर्यमाला पायांनी मोजणे. त्याला खर्च जवळजवळ नाही. एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर असे प्रमाण धरावे. या प्रमाणात सूर्य होतो १४ सेंटीमीटरचा, म्हणजे सोललेला चांगला मोठा नारळ. पृथ्वी आणि शुक्र हे मोहरीचे दोन दाणे. मंगळ खसखशीचा दाणा आणि बुध रव्याचा कण. गुरू म्हणजे खेळायची काचेची गोटी, शनी म्हणजे भिजवलेला काबुली चणा, आणि युरेनस व नेपच्यून हे दोन मिरीचे दाणे. सगळे सामान आपल्या स्वयंपाकघरातले. प्रत्येक दाणा एकेका पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवावा, म्हणजे हरवणार नाही.

आता मैदानाच्या एका टोकाला नारळ ठेवावा आणि चालू लागावे. सहा मीटरांवर बुध, अकरा मीटरांवर शुक्र, पंधरा मीटरांवर पृथ्वी, तेवीस मीटरांवर मंगळ. येथवर सगळे आटोपशीर वाटते. पुढे मात्र गुरू थेट ७८ मीटरांवर येतो, शनी १४३ मीटरांवर, युरेनस २८७ मीटरांवर आणि नेपच्यून ४५० मीटरांवर. बहुतेक शाळांचे मैदान शनीच्या अलीकडेच संपते. पुढच्या दोन ग्रहांसाठी मुलांना फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेने घेऊन जावे लागेल. बरोबर दोन शिक्षक असावेत. नेपच्यूनचा मिरीचा दाणा हातात धरून मुलाने मागे वळून नारळ शोधावा. अवकाश म्हणजे मुख्यतः रिकामी जागा, हे वाक्य त्याला मग पाठ करावे लागणार नाही.

परत येताना मोहरीच्या दाण्यापाशी थांबावे आणि तेथून नारळाकडे पाहावे. तो जेवढा दिसतो, तेवढाच आपला सूर्य आकाशात दिसतो. कारण आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात लहान केले आहेत. मोहरीपासून दोन बोटांवर, म्हणजे चार सेंटीमीटरांच्या आतच, चंद्र येतो. माणूस आजवर प्रत्यक्ष जाऊन आला तो एवढाच. आपले चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी निघाले आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरले, ते याच दोन बोटांच्या प्रवासाला.

प्रकाशाचा वेगही या खेळात सापडतो. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे आपल्या मैदानावर सेकंदाला तीन सेंटीमीटर. ही झाली मुंगीची चाल! नारळापासून निघालेली मुंगी मोहरीपाशी सव्वाआठ-साडेआठ मिनिटांनी पोहोचेल आणि नेपच्यूनपाशी जायला तिला चार तासांवर वेळ लागेल. सूर्य सोडून आपल्याला सर्वांत जवळचा तारा कोठे असेल, असे एखादे मूल विचारीलच. नारळ मुंबईत असेल, तर तो तारा सुमारे ४,००० किलोमीटरांवर, सिंगापूरच्याही थोडा पुढे ठेवावा लागेल. मुंगीने तेथवर न थांबता चालायचे म्हटले तर सव्वाचार वर्षे लागतात.

तक्त्यामुळे होणारा दुसरा गैरसमज ऋतूंचा. कॉलेजात पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना मी भूगोलाच्या तासाला विचारतो, "उन्हाळा का होतो?" दरवर्षी बरीच मुले सांगतात, "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून." पुस्तकात पृथ्वीची कक्षा तिरप्या बाजूने, लांबट अंड्यासारखी काढलेली असते; तेच चित्र डोक्यात बसलेले असते. खरे पाहता पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरांवर. त्या वेळी आपण शेकोटीपाशी बसलेलो असतो. सर्वांत दूर असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५ कोटी २१ लाखांवर. फरक ५० लाख किलोमीटरांचा; आपल्या मैदानावर पंधरा मीटरांत हातभर. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. वर्षभरात दुपारचा सूर्य कधी डोक्यावर येतो, कधी दक्षिणेकडे उतरतो, आणि दिवसही लहानमोठा होतो.

हे पटवण्यासाठी एक सरळ काठी पुरे. ती अंगणात किंवा गच्चीवर उभी रोवावी आणि आठवड्यातून एकदा, दुपारी तिची सावली सर्वांत आखूड होते त्या वेळी मोजावी. ही वेळ घड्याळातल्या बाराची नसते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. त्यामुळे मुंबईत खरे माध्यान्ह सरासरीने साडेबारानंतर होते, आणि नागपुरात त्याच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी. दोन गावांतल्या मावस-मामे भावंडांनी एकाच दिवशी मोजून परस्परांना कळवावे. रेखांश म्हणजे काय, ते दोघांनाही कळेल.

सावलीची वही डिसेंबरात सुरू केली, तर सावली महिन्यामागून महिने आखडत जाते आणि मे महिन्यात एक दिवस नाहीशी होते. आपले सबंध राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईला महिन्याच्या मध्यास आणि नागपूरला शेवटच्या आठवड्यात. दुसरी खेप मात्र पावसाळ्यात येते, तेव्हा ढग पाहू देतीलच असे नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, म्हणून हा सुट्टीतला गृहपाठ. एक सूचना विसरू नये: पाहायची ती सावली, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचे नाही.

तिसरा गृहपाठ चंद्राचा. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असे कित्येक मोठी माणसेसुद्धा समजतात. ती सावली पडते तेव्हा चंद्रग्रहण होते. कलांशी तिचा संबंध नाही. मुलाने अमावास्येनंतरच्या पहिल्या कोरीपासून आरंभ करावा. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी उभे राहावे आणि वहीत चंद्राची आकृती व जागा मांडावी. हात सरळ पुढे धरून मूठ वळली, तर तिची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. त्या मापाने चंद्र रोज सुमारे सव्वा मूठ पूर्वेकडे सरकलेला दिसेल. उगवायलाही त्याला रोज सरासरी पन्नास मिनिटे उशीर होतो. संकष्टीला घरातली मंडळी चंद्रोदयाची वाट पाहत बसलेली असतात. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र चतुर्थीला रात्री नऊच्या आगेमागे का उगवतो, हे त्या वेळी मुलाला विचारावे. त्याच्या वहीत उत्तर तयार असेल. पुढे वद्य अष्टमीच्या सकाळी अर्धा चंद्र आणि सूर्य दोन्ही एकाच वेळी आकाशात दाखवावेत. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडणार. मग ती या चंद्रावर कशी येईल? एवढ्यावरून मूल स्वतःच निकाल देते.

घरातल्या पंचांगाचाही या अभ्यासाला उपयोग आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनी का येतो? गुरू सिंह राशीत आला म्हणजे सिंहस्थ. आणि गुरूला सूर्याभोवती एक फेरी करायला ११.८६ वर्षे, म्हणजे जवळजवळ बारा वर्षे लागतात. २००३ नंतर तो २०१५ साली आला, तो या हिशेबाने. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे राहतो. जन्मराशी, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षे झाली. साडेसाती या शब्दाला भिऊन माणसे अंगठ्या घालतात, शांती करतात. पण त्या शब्दात आहे तो एका दूरच्या ग्रहाच्या संथ चालीचा गुणाकार. सातवीतल्या मुलाने हा गुणाकार एकदा स्वतः केला, म्हणजे ते भय त्याच्या मनात सहसा घर करणार नाही. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ १८९६ साली लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षकच होते, हेही मुलांना जरूर सांगावे.

"ग्रह किती?" या प्रश्नावर घरोघरी वाद होतो. आईवडील नऊ शिकलेले, मूल आठ शिकते. प्लूटोचा शोध १९३० साली लागला. पुढे त्याच्या पलीकडच्या प्रदेशात तसले पुष्कळ गोल सापडू लागले. २००५ साली सापडलेला एरिस तर जवळपास त्याच्याएवढाच निघाला. तेव्हा २००६ साली प्राग येथे खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली: तो सूर्याभोवती फिरावा, स्वतःच्या गुरुत्वाने गोल झालेला असावा आणि त्याने आपली वाट इतर गोलांपासून मोकळी केलेली असावी. तिसऱ्या अटीवर प्लूटो अडला आणि बटुग्रहांत गेला. १८०१ साली सापडलेल्या सेरेसचेही असेच झाले होते. काही दशके त्याला ग्रह म्हणत, मग लघुग्रहांत घातले. आठ हा आकडा एका गुणापुरता आहे. आकडा का बदलला, हे चार ओळींत लिहायला सांगितले तर शास्त्र कसे चालते ते मुलाला उमगेल.

आता प्रश्न राहतो गुणांचा. शिक्षकांना एक विनंती आहे. रंगरंगोटीला आणि बांगडीच्या कड्याला थोडे गुण द्यावेत, पण निम्मे गुण मुलाने स्वतः पाहिलेल्या, मोजलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवावेत. वहीत एखादे दिवशी "ढग होते, चंद्र दिसला नाही" असे लिहिलेले असले, तर ते खोडू नये. ती खरी नोंद आहे. सगळ्या दिवसांचे आकडे अगदी पुस्तकाप्रमाणे जुळले असतील, तर मात्र प्रेमाने चौकशी करावी. आईवडिलांनी पुठ्ठा कापून देण्याऐवजी संध्याकाळी दहा मिनिटे गच्चीवर मुलाबरोबर उभे राहावे. "आज चंद्र कालच्यापेक्षा सव्वा मूठ पुढे होता" एवढे एक वाक्य जरी मुलाने वेड्यावाकड्या अक्षरात वहीत लिहिले, तरी सूर्यमालेचा गृहपाठ पुरा झाला असे खुशाल समजावे.