फुकटचा पहारा : प्रागच्या अव्हास्ट कंपनीची हकीकत

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत, विशेषतः जेथे कॉलेजात जाणारी मुले आहेत तेथे, संगणक आला त्याच्या पाठोपाठ एक रखवालदारही आला. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानसे नारिंगी चिन्ह दिसे, आणि ते दिसले म्हणजे यंत्र सुरक्षित आहे असे समजून घरातील मंडळी निर्धास्त होत. ह्या रखवालदाराचे नाव अव्हास्ट. त्याला पगार द्यावा लागत नसे. तो कोठून आला, त्याला कोणी घडविले आणि पगाराशिवाय त्याचे पोट कसे भरत होते, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. ह्या प्रश्नांच्या उत्तरात साडेतीन दशकांची एक मनोरंजक आणि शेवटी काहीशी खेदकारक हकीकत आहे. ती ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

हकीकतीचा आरंभ १९८८ साली प्राग शहरी होतो. तेव्हा चेकोस्लोव्हाकिया हे एकसंध राष्ट्र होते व तेथे कम्युनिस्ट राजवट होती. प्रागच्या गणितयंत्र संशोधन संस्थेत पावेल बाउदिश व एदुआर्द कुचेरा हे दोघे सहकारी काम करीत. बाउदिश यांच्या हाती एक बाधित फ्लॉपी आली. तिच्यात ‘व्हिएन्ना’ नावाने ओळखला जाणारा विषाणू होता.

येथे थोडे थांबून विषाणू म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. कारण नावामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, तो धुळीतून किंवा दमट हवेतून यंत्रात शिरत असावा. संगणकाचा विषाणू हा जंतू नव्हे. तो माणसाने लिहिलेला हुकुमांचा एक तुकडा होय. तो एकटा चालत नाही. दुसऱ्या एखाद्या चांगल्या कार्यक्रमाच्या शेपटीला तो स्वतःला चिकटवून घेतो, आणि तो कार्यक्रम चालविला की प्रथम हा चालतो व दुसरा एखादा कार्यक्रम शोधून त्यालाही चिकटतो. व्हिएन्ना ज्या फाइलीला चिकटे तिची लांबी ६४८ बाइट्सनी, म्हणजे ६४८ अक्षरांइतकी, वाढत असे. सुमारे आठांत एका फाइलीचा तर तो आरंभच बिघडवून टाकी. मग ती चालवू गेल्यास यंत्र काम सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

एकदा बाधलेल्या फाइलीला पुन्हा बाधावयाचे नाही, एवढी शिस्त मात्र ह्या विषाणूला होती, आणि त्यासाठी तो एक खूण करून ठेवी. फाइल केव्हा लिहिली गेली ती वेळ संगणक फाइलीसोबत नोंदवून ठेवतो. विषाणू त्या नोंदीत सेकंदांच्या जागी ६२ हा आकडा घाली. मिनिटात सेकंद साठच असतात हे आमच्या चौथीतील मुलांनाही ठाऊक आहे. परंतु त्या रकान्यात ६२ हा आकडा मावत असे, आणि फाइलींची यादी पडद्यावर दाखविताना तासमिनिटेच दाखविली जात. सेकंद कोणाच्या दृष्टीस पडत नसत. जे कोणी पाहत नाही तेथे खूण करावी, ही चोराची अक्कल खरी. पण ज्याने ती नोंद उघडून पाहिली त्याला चोरानेच आपला पत्ता सांगून ठेवला होता.

बाउदिश यांनी ही फ्लॉपी फेकून न देता विषाणूचा अभ्यास केला व तो काढून टाकणारा एक छोटा कार्यक्रम लिहिला. विषाणू ओळखण्याची त्या काळची रीत अगदी साधी. मुलांच्या वह्या तपासणारा शिक्षक जसा नाव न वाचताही अक्षराच्या वळणावरून मूल ओळखतो, तसा हा कार्यक्रम प्रत्येक फाइल चाळून तिच्यात ठराविक हुकुमांची ठराविक ओळ सापडते का ते पाहतो. अशा ओळखीच्या खुणांची यादी जितकी मोठी तितका पहारा पक्का. यादीत नसलेला नवा चोर मात्र सरळ आत जातो. म्हणून ती यादी रोजच्या रोज वाढवावी लागते. पुढील सगळ्या गोष्टीचे मूळ ह्या एका अडचणीत आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्या राजवटीत खासगी कंपनी काढण्याची सोय नव्हती. सहकारी संस्थेला मात्र वाव होता. तेव्हा दोघांनी ‘अल्विल’ नावाची सहकारी संस्था काढली आणि तिच्यातर्फे आपला कार्यक्रम लोकांना देऊ लागले. जगभर पसरलेल्या ह्या धंद्याचा जन्म एका सहकारी संस्थेत झाला, ह्याचे पतपेढ्या आणि सोसायट्या चालविणाऱ्या आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. अव्हास्ट हे कार्यक्रमाचे नाव इंग्रजीतील ‘विषाणूविरोधी प्रगत संच’ अशा अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरे जुळवून केलेले. आणि योगायोग असा की, इंग्रज खलाशांच्या बोलीत ह्याच शब्दाचा अर्थ ‘थांबा!’ असा होतो.

१९८९ च्या अखेरीस राजवट कोसळली व सहकारी संस्थेची भागीदारी झाली. १९९५ साली ओंद्रेय व्ह्लचेक ह्या तरुणाने नव्याने आलेल्या विंडोज ९५ साठी संरक्षक कार्यक्रम लिहिला. ह्या तरुणाचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. परीक्षकांकडून शाबासकी मिळत होती; पण शाबासकीने घर चालत नाही, आणि दशकाच्या अखेरीस धंदा अडचणीत आला. अमेरिकेतील मॅकॅफी ही बडी कंपनी अव्हास्टचेच यंत्रतंत्र भाड्याने घेऊन वापरीत होती. तिने सबंध धंदा विकत घेण्याची तयारी दाखविली. दोघा मालकांनी नकार दिला.

२००१ साली त्यांनी जो मार्ग काढला तो पाहून कोणाही व्यवहारी माणसाने कपाळाला हात लावला असता. घरगुती वापरासाठी आपला माल त्यांनी फुकट देऊन टाकला. पैसे घ्यावयाचे ते कचेऱ्यांकडून आणि ज्यांना जास्त सोयी हव्या असतील त्यांच्याकडून. जाहिरातीला पैसा नव्हता, पण फुकट मिळालेली चांगली वस्तू लोक आपण होऊन शेजाऱ्यास सांगतात. २००४ पर्यंत वापरणारे १० लाख झाले आणि २००६ पर्यंत २ कोटी. शिवाय वर सांगितलेली यादीची अडचण परस्पर सुटली. ज्याच्या दारी पहारेकरी फुकट बसला तो प्रत्येक माणूस नकळत ह्या कंपनीचा टेहळ्या झाला; कारण त्याच्या यंत्रात काही संशयास्पद आढळले तर त्याचा नमुना प्रागला जाई, आणि एका घरी सापडलेल्या चोराची खूण सर्व घरी पोचे. ह्या टप्प्यापर्यंत हा सौदा दोन्ही पक्षांना लाभाचा होता, असेच आमचे मत आहे.

मग भरभराट झाली. २०१० साली कंपनीने अल्विल हे नाव टाकून अव्हास्ट हेच नाव घेतले. त्याच साली तिने एक धर्मादाय निधी स्थापिला व त्यातून चेक देशात मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेच्या कामास मोठे साहाय्य केले; ही गोष्ट अशा स्मरणिकेत नोंदविल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे. २०१६ साली चेक देशातीलच, ब्रनो शहरी जन्मलेली एव्हीजी ही प्रतिस्पर्धी कंपनी १३० कोटी डॉलर्सना विकत घेण्याचा करार झाला. दोहोंच्या पहाऱ्याखालील यंत्रे ४० कोटींवर गेल्याचे कंपनीने सांगितले. मे २०१८ मध्ये तिचे शेअर लंडनच्या बाजारात आले. २०१९ साली व्ह्लचेक हेच मुख्याधिकारी झाले आणि त्यांनी वर्षाला एक डॉलर एवढेच वेतन घेतले.

आता खेदाचा भाग. इंटरनेटवरील एखादे पान धोक्याचे आहे की नाही हे सांगावयाचे तर ते पान कोणते, हे रखवालदाराला आधी कळले पाहिजे. म्हणजे आपण जेथे जेथे जातो तेथील पत्ता त्याच्या हाती जातो. हे त्याच्या कामातच आहे. त्यात लबाडी नाही. परंतु २०१३ साली अव्हास्टने जम्पशॉट नावाची एक लहान कंपनी घेतली, तिचे रूप पालटले, आणि २०१४ पासून हे जमलेले पत्ते तिच्यामार्फत विकले जाऊ लागले. गिऱ्हाइके शंभरांहून अधिक होती. त्यांत जाहिरातवाले व बाजाराचा अंदाज बांधणारे धंदेवाले होते. लोक काय पाहतात, काय शोधतात, काय विकत घेतात, हे त्यांना हवे होते.

कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही नावे काढून टाकतो. वरवर हे समाधानकारक वाटते, पण प्रत्येक यंत्राला एक कायमचा क्रमांक दिलेला असे व प्रत्येक भेटीची नेमकी वेळ लिहिलेली असे. समजा, एका ओळीत लिहिले आहे की अमुक क्रमांकाच्या यंत्रावरून सकाळी १० वाजून ४ मिनिटे ३१ सेकंदांनी अमुक दुकानातून एक चष्मा घेतला. नाव नाही. पण दुकानदाराच्या वहीत त्याच सेकंदाची विक्री गिऱ्हाइकाच्या नावपत्त्यासह आहे. दोन वह्या शेजारी ठेवल्या की नाव कळले. आणि एकदा कळले की त्याच क्रमांकाच्या बाकीच्या हजारो ओळीही त्याच माणसाच्या झाल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पुढे जी तक्रार मांडली तीत अशा ओळींचे नमुने आहेत: कोणी स्तनाच्या कर्करोगावरील लेख वाचला होता, कोणी सरकारी नोकरीची जाहिरात पाहिली होती, कोणी विद्यार्थी-साहाय्याचा अर्ज उघडला होता. शिष्यवृत्तीचे अर्ज भरणारी आपल्या समाजातील मुलेही नेमके हेच करतात. आपली गरज त्यांनी ट्रस्टच्या विश्वस्तांपुढे मांडणे वेगळे, आणि ती बाजारात मांडली जाणे वेगळे.

डिसेंबर २०१९ मध्ये फायरफॉक्सवाल्यांनी अव्हास्टची जोडपत्रे आपल्या यादीतून काढली. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील दोन पत्रांनी सगळा व्यवहार उजेडात आणला आणि काही दिवसांतच व्ह्लचेक यांनी जम्पशॉट बंद केल्याचे जाहीर केले. कुंपणाने शेत खाल्ले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते कुंपण खोटे नव्हते. विषाणूंपासून त्याने खरोखर राखण केली. परंतु ज्या वाटेने धोक्याची बातमी आत येत होती त्याच वाटेने घरातील बातमी बाहेर जात होती, आणि घरधन्याला ती दुसरी बातमी कोणी स्पष्ट शब्दांत सांगितली नव्हती.

सप्टेंबर २०२२ मध्ये नॉर्टनच्या अमेरिकन कंपनीशी अव्हास्टचे विलीनीकरण पुरे झाले व संयुक्त कंपनीस जेन डिजिटल असे नाव मिळाले. तिचे एक मुख्य ठाणे अमेरिकेत ॲरिझोना राज्यात व दुसरे प्रागमध्ये आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर्स भरण्यास लावले, जम्पशॉटला दिलेली माहिती नष्ट करण्यास सांगितले आणि जाहिरातीसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. एप्रिल २०२४ मध्ये चेक देशाच्या स्वतःच्या माहिती-संरक्षण कचेरीने ३५ कोटी १० लाख कोरुनांचा दंड केला. २०१९ च्या काही महिन्यांत सुमारे १० कोटी लोकांची माहिती दिली गेल्याचे तिचे म्हणणे होते.

अव्हास्ट आजही फुकट मिळतो. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी त्याच्या मांडणीच्या पानावर ‘वैयक्तिक गोपनीयता’ अशा अर्थाचा जो भाग आहे तो उघडून पाहावा. कोणती माहिती कोणास द्यावयाची, ह्याचे रकाने तेथे आहेत, आणि त्यांवरील खुणा काढून टाकता येतात.